धागा: यात्रेच्या दिवसांतलं लॉज, बंद खोली आणि गेलेली रोकड (खानदेशी रहस्यकथेसाठी तपशील हवेत)

कच्चा_मसुदा

नमस्कार मंडळी. कोझी मिस्टरीच्या जातकुळीतली एक दीर्घकथा उभी करायची आहे. म्हणजे लहान गाव, एकमेकांना ओळखणारी माणसं, सणासुदीची सुट्टी, पानावर रक्त सांडायचं नाही आणि तपास करणारी व्यक्ती पोलीस नको. जागा ठरली आहे: खानदेशात एसटी स्टँडसमोरचं दुमजली लॉज. अकरा खोल्या, खाली खानावळ, मागे परसात चूल आणि न्हाणी. मालकीण साठीची, अख्खं गाव तिला जिजी म्हणतं. तपास तीच करणार.

सध्याचा आराखडा: दिवाळीची सुट्टी, लॉज पाहुण्यांनी गच्च, लक्ष्मीपूजनाच्या रात्री एका व्यापाऱ्याच्या बंद खोलीतून दोन लाख रुपये जातात. रजिस्टर, कुलपं, जेवणखाण, पोलीस यांचे खरे तपशील हवेत. आणि वाचक कुठे हसेल तेही सांगा. काळ ठरलेला नाही, पण मोबाइल-सीसीटीव्ही नसलेला बरा वाटतो.

पांझरा

मसुदाभाऊ, पायाच कच्चा आहे. लक्ष्मीपूजनाला स्टँडवरचं लॉज गच्च नसतं, ओस असतं. या लॉजचं गिऱ्हाईक कोण? औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बियाणं-खतवाले, वसुलीला फिरणारे, कोर्टाच्या तारखेला आलेले, नुकते बदलून आलेले नोकरदार. धनत्रयोदशीपर्यंत सगळे घरी पळतात. खानावळीची पोरंही गावी जातात. त्या रात्री खोली मागायला येणारा माणूसच मुळात संशयित ठरतो. त्यावर वेगळी कथा होईल, पण तिच्यात पात्रं तीनच राहतील.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, घ्यायचा मोह होईल. लेकी माहेरी, झाडाझाडाला झोके, सालदारांचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांचं) नवं वर्ष त्याच दिवशी सुरू म्हणून जुने हिशेब आणि नवे ठराव, शिवाय पत्त्यांच्या डावाला त्या दिवसांत कोणी फारसं नाक मुरडत नाही. लॉजची खोली डावासाठी घेतात असं दाखवलंत तर कोणाला खटकणार नाही. अडचण उन्हाची. पारा ४३-४४ ला गेला की पाहुणे खोलीत झोपत नाहीत, खाटा गच्चीवर जातात. बंद खोलीचं रहस्य तिथेच कोसळतं.

नाताळ म्हणाल तर नवापूरकडे तो मोठा असतो, पण तोही घरी परतण्याचा सण. लॉज भरत नाही.

राहिली सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंती, मार्गशीर्ष पौर्णिमा, घोडेबाजार. परगावचे खरेदीदार, खिशात रोकड, आजूबाजूच्या गावांत खोली मिळायची मारामार. तुम्हाला जे हवं ते सगळं इथे आपोआप जमतं. १९९६ साली दत्तजयंती २४ डिसेंबरला होती, म्हणजे शाळा-कोर्टाच्या नाताळाच्या सुट्टीला लागून. मोबाइल नाही, कॅमेरा नाही. तेच साल धरा.

एक गोष्ट आधीच वहीत लिहून ठेवा: चंद्र. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, गुडूप अंधार. आखाजीला तृतीयेची कोर, नऊ-साडेनऊला मावळलेली. दत्तजयंतीला पौर्णिमा: दिवस मावळता मावळता चंद्र उगवतो, मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो आणि उजाडेपर्यंत असतो. साक्षीदाराला काय दिसलं, काय दिसलं नाही, हे सण निवडलात त्याच क्षणी ठरतं.

गोमाई

पांझराभाऊंना +१. यात्रेबद्दल थोडं.

घोड्यांचे मालक लॉजवर उतरत नाहीत. जनावर सोडून जायचं कसं? ते बाजारातच राहुट्या ठोकून, घोड्याशेजारी झोपतात. लॉजवर येतात ते खरेदीदार, दलाल, हौशी बघे आणि दुकानं थाटणाऱ्यांपैकी ज्यांची ऐपत आहे ते. त्यामुळे 'मारवाडी घोड्याचा मालक खोली नंबर सातमध्ये' असं लिहिलंत तर तालुक्याचा वाचक पुस्तक मिटेल.

लॉज सारंगखेड्यात ठेवू नका. दोंडाईच्याच्या बाजूला एक काल्पनिक गाव बसवा. तापीचा पूल मध्ये येतो आणि यात्रेच्या दिवसांत बैलगाड्या, जीप, ट्रक यांनी रस्ता तुंबतो. 'मी अर्ध्या तासात बाजारातून परत आलो' म्हणणारा माणूस कुठे तरी खोटं बोलतोय, हे जिजीला बसल्या जागी कळेल. रेल्वेही जोडीला आहे. सुरत-भुसावळ मार्ग तेव्हा एकेरी होता, समोरच्या गाडीसाठी स्टेशनात ताटकळणं नेहमीचं. गाडीच्या वेळेवर कोणाची साक्ष उभी केलीत तर छापील वेळ नव्हे, गाडी प्रत्यक्षात कधी आली ती वेळ धरा. ती स्टेशनातल्या नोंदीत सापडते.

१९९६ धरलंत तर हे खड्डे चुकवा:

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी शहादा, नंदुरबार, सारंगखेडा सगळं धुळे जिल्ह्यात. पोलीस अधीक्षक धुळ्याला. जीपची पाटी एमएच-१८. एमएच-३९ दिसली की गेलं.

ओळखपत्राची झेरॉक्स मागण्याची पद्धत तेव्हा लॉजवर रुळलेली नव्हती. आधार तर सोडाच. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ते तुमच्या कथेनंतर जवळजवळ चौदा वर्षांनी.

चलनात सर्वांत मोठी नोट ५०० ची. हजाराची २००० साली आली. दोन लाख म्हणजे पाचशेच्या ४०० नोटा, शंभर-शंभर नोटांच्या चार गड्ड्या. वजन अर्ध्या किलोच्या आत. शंभराच्या नोटा असतील तर वीस गड्ड्या, त्या बंडीच्या खिशात मावणार नाहीत. चोरी कशी झाली हे ठरवण्याआधी नोटा कोणत्या ते ठरवा.

रुमालवाला

वाखूण साठवली. रुमाल टाकून ठेवतो.

कुलूपकिल्ली

लॉजच्या दारांबद्दल. त्या काळच्या, त्या दर्जाच्या लॉजला नाइट लॅच नसतो. दोन फळ्यांचं लाकडी दार, बाहेरून कडी-कोयंडा आणि त्याला कुलूप, आतून कडी आणि खाली-वर खिट्या. दारावर झरोका, त्याला उभे गज. पाहुणा आत असेल तर आतून कडी, बाहेर असेल तर बाहेरून कुलूप. म्हणजे 'आतून कडी असताना आतली रोकड गेली' याला अर्थ एकच, माणूस आत झोपलेला असताना चोरी. त्यासाठी त्याला गुंगी द्यावी लागेल आणि कथा भलतीकडे जाईल. त्यापेक्षा पाहुणा खाली जेवायला गेलाय, बाहेरून कुलूप आहे, कुलूप शाबूत आहे आणि पैसे नाहीत, हे कोडं जास्त स्वच्छ आहे.

कुलूप न तोडता दार उघडायच्या तीन वाटा. तिन्हींच्या खुणा वेगळ्या.

सर्वांत सोपी वाट किल्लीची. लॉजवाले स्वस्तातली कुलपं डझनाने घेतात. अशा कुलपांत किल्लीच्या खाचांचे प्रकार मोजकेच असतात, त्यामुळे चार नंबरची किल्ली अकरा नंबरला लागणं यात नवल नाही. खूण काहीच राहत नाही. पण ज्याला हे माहीत आहे तो एकतर लॉजचा नोकर किंवा वर्षानुवर्षं तिथेच उतरणारा. संशयितांची यादी झटक्यात लहान होते, आणि वाचकाला हे आधी कळवायचं असेल तर पहिल्या प्रकरणात एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्याला चुकून दुसऱ्याचं दार उघडू द्या. सगळे हसतील, जिजी माफी मागेल, पुढे चला.

दुसरी वाट कोयंड्याची. रोकड बाळगणारा व्यापारी लॉजच्या कुलपावर विसंबत नाही, स्वतःचं सात लिव्हरचं पितळी कुलूप लावतो. मग वरची वाट बंद. पण भक्कम कुलूप ज्या कोयंड्यात अडकवलंय तो कोयंडा दाराला चार स्क्रूंवर बसलेला असतो आणि जुन्या दारांवर ते स्क्रू बाहेरूनच दिसतात. स्क्रू काढले की कुलूप बंदच राहतं आणि कडी कोयंड्यासकट बाजूला होते. परत बसवले की झालं. काय चुकतं? जुना स्क्रू गंजाने लाकडात धरलेला असतो. तो फिरवला की खाचेतला गंज आणि रंगाचा थर उडतो, आतलं धातू चमकतं. एखादा स्क्रू पुन्हा नीट घट्ट बसत नाही, त्याचं भोक सैल होतं. आणि घाईत परत बसवणारा दोन स्क्रूंची अदलाबदल करतो, तेव्हा लांब स्क्रू आखूड भोकात पूर्ण जात नाही आणि डोकं जोंधळ्याच्या दाण्याएवढं वर राहतं. जिजीचा पदर त्यात अडकू द्या. तेवढ्यावर उलगडा उभा राहतो.

तिसरी वाट न्हाणीच्या खिडकीची, काचेच्या पट्ट्यांची. पत्र्याच्या खाचेची जीभ वाकवली की पट्टी बाहेर सरकते. पण तुमच्या लॉजला न्हाणी परसात आहे, तेव्हा खोलीला ही खिडकीच नसणार. सोडून द्या.

कच्चा_मसुदा

कोयंडा पक्का. दिवाळी रद्द, सारंगखेडा पक्कं, १९९६ पक्कं. न्हाणी परसात ठेवलीय ती पाणी तापवायच्या बंबासाठी. बंबाचा काही उपयोग होईल का?

पांझरा

होईल की. पण बंब चालतो कसा ते आधी नीट मांडा, बरेच जण चूक लिहितात. तोटीचेही बंब असतात, पण तुम्ही नरसाळ्याचा धरा. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतायचं, ते नळीने तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी चोचीतून बाहेर पडतं. जेवढं ओताल तेवढंच मिळतं. म्हणजे बंब कधी रिकामा होत नाही, फक्त कोमट होतो.

आता पुरावा. डिसेंबरात तापीकाठी पहाटे पारा ८-१० पर्यंत उतरतो, अंघोळीचं पाणी लागतंच. लॉजचा पोरगा पाचला बंब पेटवतो, अर्ध्या-पाऊण तासाने पहिली बादली निघते. त्या पहाटे पोरगा काडी लावायला जातो तर मधल्या नळकांड्यातली राख गरम, तळाशी निखारा, आणि पाणी कोमट. म्हणजे कोणीतरी मध्यरात्रीनंतर बंब पेटवला आणि बादल्याच्या बादल्या काढल्या. एवढं पाणी कशाला? आणि त्याला बंब कसा वापरायचा हे ठाऊक होतं. मुंबईचा पाहुणा असता तर चोचीखाली बादली ठेवून वाट बघत बसला असता.

बडगी

'एवढं पाणी कशाला' याचं उत्तर माझ्याकडे आहे: मिरची.

नंदुरबार-दोंडाईचा पट्ट्यात हे दिवस लाल मिरचीचे. पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, लांबून लाल सतरंजी दिसते. रात्री आडवाटेने पथारी तुडवत गेलेल्या माणसाच्या चपलेच्या तळाला बी चिकटतं, धोतर-पायजम्याच्या काठाला तिखट बसतं, हाताला लागलं की डोळ्यांत जातं. बंद खोलीत तो कपडा झटकला तर शेजारच्या खोलीला ठसका लागतो. धुतल्याशिवाय सुटका नाही, आणि गार पाण्याने तिखटाचं तेल निघत नाही, कढत पाणी आणि साबण लागतो. म्हणून बंब.

नोटा लपवायलाही मिरचीचं पोतं उत्तम. ३०-४० किलोच्या पोत्यात अर्धा किलो कोणाच्या लक्षात येणार? फक्त नोटा नंतर शिंकवतात. बँकेच्या खिडकीवर कारकून शिंकला तर वाचकाला कळायला हवं.

जेवणाचं आता. तुम्ही 'जेवणखाण' एका शब्दात उरकलंय, पण कोझीमध्ये स्वयंपाकघरातच निम्मी कथा घडते. त्या रात्री दोन जेवणं ठेवा: गच्चीवर खरेदीदारांची भरीत पार्टी आणि खाली खानावळीत नेहमीची शेवभाजी. दोन्हींतून पुरावे निघतात.

भरीत: पंचवीस माणसांना दहा किलो वांगी. पांढरट-हिरवी, मोठी, कमी बियांची, जळगावकडची बामणोदची मिळाली तर बघायलाच नको. देठ ठेवायचे, सुरीने टोचे मारायचे, नाहीतर फुटतात. वाळलेल्या पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) किंवा तुरकाठ्यांच्या जाळात भाजायची. गॅसवर भाजलं तर ती धुराची चव येत नाही. नवी कपाशी अजून शेतात उभी असते, म्हणून डिसेंबरात गेल्या साली रचलेल्या काड्या वापरतात. साल काढून लाकडी बडगीत ठेचायची. हिरव्या मिरच्या भाजून लसणाबरोबर ठेचून, मग तेलात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी.

वेळखाऊ काम सोलण्याचं. गरम असतानाच सोलावं लागतं, गार झाल्यावर साल चिकटते, म्हणून पाच-सहा जण एकदम बसतात. या कामाला बसलेल्याची बोटं काजळी आणि चिकट रसाने काळी होतात, नखांत राहतात, एका धुण्यात जात नाहीत. 'मी वरतीच होतो, वांगी सोलत होतो' म्हणणाऱ्याची नखं स्वच्छ असतील तर विषय संपला. उलटंही करता येईल: कोयंड्याच्या वरच्या अंगाला काजळीचा अर्धा ठसा.

शेवभाजी: रस्सा आधी होतो, शेव नेहमी वाढताना टाकतात. जाड तिखट शेव घेतली तरी पाच-दहा मिनिटांत मऊ पडते, अर्ध्या तासाने फुगून रस्सा पिऊन बसते आणि वर तेलाचा तवंग धरतो. आरडाओरडा झाला तेव्हा 'आत्ताच ताटावर बसलो होतो' असं एकजण सांगतो. जिजी ताट उचलते. वाटीत रस्सा नाहीच, शेवेचा लगदा, भाकरी एका बाजूने वातड. तिने काही बोलायचं नाही. फक्त ताट पोराकडे न देता फडताळात झाकून ठेवायचं.

कुलूपकिल्ली

ते ताट झाकून ठेवणं झकास. पण वाचकासमोर त्या क्षणी शेव फुगल्याचं वर्णन करू नका. दोन प्रकरणं आधी कोणाला तरी शेवभाजी वाढताना 'लवकर जेवा, शेव भिजंल' असं जिजीच्या तोंडी येऊ द्या आणि इथे फक्त 'लगदा' एवढाच शब्द ठेवा.

रोजनामा

पोलिसांचा भाग. यात्रेचा बंदोबस्त ही तुमच्या कथेला मिळालेली मोठी सवलत आहे. आसपासच्या ठाण्यांची माणसं सारंगखेड्याला लावलेली, ठाण्यात ठाणे अंमलदार आणि एक-दोन शिपाई. चोरीची फिर्याद घ्यायला हवालदार येईल, घटनास्थळाचा पंचनामा करील, पण ठसेतज्ज्ञ धुळ्याहून येणार. तोवर दार झाकायचं, हात लावू नका म्हणून सांगायचं. हा मधला वेळ जिजीचा.

राहत्या जागेतली चोरी म्हणून १९९६ साली भारतीय दंडविधानाचं कलम ३८०, शिक्षा सात वर्षांपर्यंत. कथा १ जुलै २०२४ नंतरची असती तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ आलं असतं. हवालदाराच्या तोंडी चुकीचं कलम घातलंत तर वकील वाचक पत्र पाठवतात.

जिजीला खोलीत शिरायचं कारण पाहिजे ना? ती मालकीण, तिचा संबंध येतो, म्हणून तिला पंच करणार नाहीत. पण पंच दोन लागतात आणि रात्री साडेदहाला हवालदार रस्त्यावरच्या कोणाला पकडणार? समोरच्या किराणावाल्याला आणि शेजारच्या निवृत्त गुरुजींना. गुरुजी जिजीचे सुपारीचे सोबती करा. पंचनाम्यात काय लिहिलं गेलं हे तिला शब्दन्शब्द कळेल, आणि काय लिहिलं गेलं नाही तेही. हवालदार लिहितो 'कुलूप सुस्थितीत'. कोयंड्याबद्दल ओळच नाही.

रजिस्टर: रकाने साधारण असे असतात. अनुक्रमांक, नाव, वय, कुठून आले, कुठे जाणार, कामाचं कारण, सोबत किती जण, येण्याची तारीख-वेळ, सही, जाण्याची तारीख-वेळ. पोलीस ते अधूनमधून बघून सही करतात. लेखकांचं लक्ष नेहमी खोट्या नावाकडे जातं, पण खोटं नाव कोणीही लिहितो. 'कुठे जाणार' हा रकाना जास्त बोलतो. सारंगखेड्याला यात्रेला आलेला माणूस परतीचं गाव लिहितो. ज्याने तिथे काहीच लिहिलं नाही आणि आगाऊ भाडं मात्र तीन दिवसांचं भरलं, त्याच्याकडे बघा.

शंकासूर

एवढं सगळं चोरीसाठी? एक खून टाका की. बंद खोलीत शेगडी ठेवून माणूस गेला असं दाखवता येईल. थंडी आहेच.

रोजनामा

टाकू नका. शेगडीच्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस उठत नाही. दरवर्षी थंडीत असे अपघात खरोखर होतात, आणि खून की अपघात हे शवविच्छेदनाशिवाय ठरत नाही. एकदा प्रेत तालुक्याच्या दवाखान्यात गेलं की तपास जिजीच्या हातातून सुटतो. मोठा अधिकारी येतो, लॉजला टाळं लागतं, पाहुण्यांना ठाण्यात बसवतात. सगळे एका छपराखाली राहायला हवेत, तर चोरीच बरी. तिथे पाहुण्यांना फार तर 'सकाळपर्यंत गाव सोडू नका' म्हणून सांगतात.

गोमाई

सहमत. आणि घोडा विसरू नका हो! यात्रेची कथा आणि घोडा नुसता पार्श्वभूमीला हे पटत नाही. दोन लाख ज्याच्यासाठी आणले तो व्यवहारच खोटा असेल तर? म्हणजे खरेदीदाराला दिवसा दाखवलेलं जनावर एक आणि रात्री 'बघून घ्या' म्हणून उभं केलेलं दुसरं. पौर्णिमेच्या उजेडात वाचता येईल असं वाटतं, पण रंग कळत नाही. कुमैत (तांबूस तपकिरी) आणि काळा यांत फरक दिसत नाही. नुकरा (पांढरा), अबलख (पांढऱ्या पट्ट्यांचा) किंवा पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) मात्र ओळखू येतो, कारण पांढरं ते पांढरं दिसतंच. 'मी चांदण्यात तांबडा घोडा पाहिला' म्हणणारा साक्षीदार घोड्याला आधीपासून ओळखतो, तेव्हाच त्याला तांबडा म्हणता येतं.

अदलाबदल पकडायची कशी? रंग लावता येतो, अंगावरच्या केसांचे भोवरे बदलता येत नाहीत. जाणकार खरेदीदार भोवरे बघूनच भाव करतो. गळ्याखालचा देवमण शुभ, काही जागचे भोवरे अशुभ. वय दातांवरून: पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडी-जोडीने बदलतात, पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. वरच्या कडेच्या दातावरची खोबण साधारण दहाव्या वर्षी हिरडीशी दिसू लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते. पाच वर्षांचा म्हणून विकलेल्या घोड्याच्या दाताला खोबण असेल तर बोलायलाच नको.

कच्चा_मसुदा

हे मस्तच आहे, पण गुंता वाढतोय. मग चोर कोण? खरेदीदाराला फसवणूक कळायच्या आत पैसे हवे असलेला दलाल? पण व्यवहार झाला की पैसे त्याला मिळणारच होते की.

कुलूपकिल्ली

म्हणूनच चोर दलाल नसावा. ज्याला अदलाबदल कळली आणि जो ते बोलू शकत नाही, असा कोणीतरी. उदाहरणार्थ दलालाचा स्वतःचा भाचा, जो लॉजवर त्याच्याबरोबर उतरलाय. दोन लाख सकाळी मामाच्या हातात गेले तर खरेदीदार बुडाला. पैसेच 'चोरीला' गेले तर व्यवहार मोडला. यात्रा उठली की परत करायचे. कोझीला असा गुन्हेगार शोभतो, शेवटी जिजीला त्याला वाचवावंसं वाटलं पाहिजे. पण मग तो पहिल्या चौथ्या हिस्स्यातच वाचकाला भेटला पाहिजे, आणि कामात दिसला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर हातात असायला कारण द्या. घोड्याचं सामान, रिकीब-खोगीर दुरुस्त करणारा ठेवा.

पांझरा

आणि मिरचीच्या पथारीतून जायचं कारण? मागचा बोळ असताना पथारी का तुडवली?

बडगी

कारण त्या रात्री नळ आला होता.

आपल्याकडे कितीतरी गावांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि वेळ रात्रीचीही असते. नळ आला की आख्खी गल्ली जागी. हंडे, पिंपं, नळ्या, मोटारींचा आवाज, बाया ओट्यावर. बोळातून कोण गेलं हे दहा जणींना माहीत असणार. भाच्याने दिवसा बोळ बघून ठेवला, निर्मनुष्य होता. रात्री पैसे घेऊन निघाला तर बोळात सगळं गाव. परत फिरला आणि पथारीवरून गेला. परगावचा असल्यामुळे त्याला नळाची पाळी ठाऊक नव्हती. जिजी दुसऱ्या दिवशी बायांना विचारते, कोण गेलं? कोणीच नाही. तेव्हाच ती ओळखते की चोर या गावचा नाही, गावचा असता तर त्या रात्री चोरी करायला धजलाच नसता. म्हणजे लॉजचा पोरगा सुटला, ज्याच्यावर हवालदाराचा डोळा होता.

रोजनामा

वा! पण चंद्राशी मेळ घाला. साडेनऊला चंद्र पूर्वेला, साधारण अर्ध्या उंचीवर असतो. लॉजची मागची बाजू पश्चिमेला असेल तर बोळ लॉजच्याच सावलीत आणि पथारी लख्ख चांदण्यात. म्हणजे पथारीवरून जाताना तो राखणदाराला दिसेल. पथारीला राखणदार असतोच.

बडगी

दिसू द्या. राखणदार सांगेल, 'एक गडी गया, खांदावर खोगीर व्हतं.' यात्रेच्या रात्री खोगीर घेऊन जाणाऱ्याकडे कोण दुसऱ्यांदा बघतो? गड्ड्या खोगिराच्या गादीत. पोत्याची गरजच नाही.

गोमाई

राखणदाराची अहिराणी दोन-तीन वाक्यांवर ठेवा. जिजी गावाशी अहिराणीत, पाहुण्यांशी मराठीत, राजस्थान-पंजाबकडच्या घोडेवाल्यांशी हिंदीत. रावेर-यावलचा पाहुणा असेल तर तो लेवा बोलीत बोलेल, त्याच्या तोंडी अहिराणी घालू नका.

कच्चा_मसुदा

मंडळी, दंडवत. आता क्रम असा लावतोय: चुकीच्या किल्लीने उघडलेलं दार, मग रजिस्टरचा कोरा रकाना, भरीत पार्टी, आरडाओरडा, पंचनामा, झाकलेलं ताट, पहाटेचा बंब, बायांची साक्ष, राखणदार, आणि सर्वांत शेवटी कोयंडा. शेवभाजीचं ताट कोणाचं ते मात्र ठरत नाही. भाच्याचं केलं तर तो लगेच पकडला जातो.

कुलूपकिल्ली

ताट मामाचं करा. तो त्या वेळी जेवत नव्हता, घोडे बदलायला गेला होता. वाचक शेवेवरून त्यालाच चोर धरून बसेल. आणि कोयंडा शेवटी नको, बंबाच्या आधी आणा. पदर अडकतो ते पंचनाम्याच्या रात्रीच, जिजी वरचं डोकं बोटाने चाचपते आणि गुरुजींना पानाचा डबा मागते. त्या ओळीवरून वाचक पुढे गेला पाहिजे.

शंकासूर

दोन लाखांत तेव्हा घोडा यायचा का हो?

गोमाई

ते घोड्यावर अवलंबून. जोडी करा, दोन घोडे. मग भोवरेही दोन ठिकाणी तपासता येतील आणि एकच बदललेला ठेवता येईल.